कान असलेली माशी

८ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली कुपी पोचली आणि मी जागच्या जागी उडाले! अंगणातले रातकिडे गप्प का झाले, असं तुम्ही विचारलं होतं ना? मेलेल्या रातकिड्यातून निघालेल्या त्या अळ्यांचे इथे प्रयोगशाळेत कोश झाले आणि त्यांतून पिवळट माश्या बाहेर आल्या. या माशीची मादी रातकिड्याचं गाणं ऐकत त्याला गाठते, अंगावर अळ्या सोडते आणि अळ्या त्याला आतून खातात. तिच्या गळ्याशी खरोखरचे कान आहेत, ताणलेल्या पडद्यांसारखे! संग्रहालयातले सगळे खण पालथे घातले. अंगावरच्या केसांची अशी मांडणी कुठल्याच माशीत नाही.

पण इथेच माशी शिंकली. सगळ्या माद्याच निघाल्या. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, नराच्या शेपटाची रचना पाहिल्याशिवाय नवी प्रजाती म्हणायचं नाही. थंडी पडली की रातकिडे संपतील. आणखी अळ्या मिळतील का? आईला नमस्कार. माया आहेच, तीत माझ्या माशीलाही वाटा द्या.

तुमची,
चिमी

११ सप्टेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आजवर तुला माश्या मारतेस म्हणून चिडवलं. आता मीच माशीची वाट पाहत बसलो! मेलेला रातकिडा काही मिळेना. म्हटलं, तिला गाणंच हवंय ना? वाद्यदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून पेटीत पडलेलं व्हायोलिन काढलं आणि बारीक तारेच्या पार टोकाला रोज संध्याकाळी किर्र वाजवत बसलो. एकदा ती आली ती थेट व्हायोलिनवरच. तुझी आई म्हणाली, इतक्या वर्षांत तुमचं वाजवणं ऐकून कोणीतरी आलं म्हणायचं!

तिला बरणीत पकडलं; आता तिला रातकिडा द्यायला हवा. अंगणात गाणारा एकच उरला होता, पायरीखालचा. त्याला बरणीत सोडताना हात धजेना गं. तरी सोडला. त्यातून निघालेल्या अळ्यांच्या माश्या झाल्या, त्या सोबत पाठवतोय. एकीचं शेपूट निराळं वाटतं. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
बाबा

१९ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नर आहे! बाबा, नर आहे! मी इतकी घाई करत होते की चिमटा बाईंनीच धरला. त्याच्या शेपटाची टोकं आकड्यासारखी आत वळलीत; जवळच्या सगळ्या प्रजातींत ती सरळ असतात. बाईंनी एकेक चित्र ताडून पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, लिहायला घे. नवी प्रजाती! तिला तुमचं नाव द्यायचं मी ठरवलंय. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
चिमी

२६ सप्टेंबर

चि. चिमे,
गोड आशीर्वाद.

तुझं पत्र बाबा मोठ्याने वाचत होते. ‘नवी प्रजाती’पाशी त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं, पुढचं मी वाचलं. आधी कुरकुरले, की दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माशीला माझं नाव दिलं तर लोक काय म्हणतील. मग चपलाही न घालता फाटकाबाहेर गेले आणि नर आहे, नर आहे, असं गल्लीभर सांगून आले. संध्याकाळी शेजारीण विचारायला आली, नातू झाला का? मी म्हटलं, हो, आणि त्याला पंख आहेत.

लोभ आहेच, तो असाच उडता राहू दे.

तुझी,
आई