नमुन्याच्या घरातला नवरा

प्रिय अगं,

त्या सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच डबा खायला बसलो, एवढंच माझं चुकलं. बसलो तेही आमच्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, नमुन्याच्या घरात. ते घर तू पाहिलं आहेस, पण शांतपणे पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. बैठकीची खोली, जेवायची खोली, निजायची खोली, सगळं आहे. फक्त प्रत्येक खोलीला तीनच भिंती. चौथ्या बाजूला गिऱ्हाईक. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लास्टिकची, कपाटातल्या पुस्तकांना नुसत्या पाठी. तिथल्या टेबलाशी मी पहिला घास तोंडात घातला आणि मालक दुकान उघडायच्या आधीच आलेल्या एका जोडप्याला घेऊन वर आले. बोलावं तर तोंड भरलेलं, उठून पळावं तर वाटेत तेच तिघं उभे. मग मी नुसता हसलो. त्या बाई म्हणाल्या, “अय्या, किती घरासारखं वाटतंय हो!” आणि ते टेबल त्यांनी उभ्याउभ्या पसंत केलं.

झालं. मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवसापासून माझं सामान हलवण्याचं काम सुटलं आणि मी त्या घराचा कर्ता पुरुष झालो. इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्र, चेहऱ्यावर समाधान. “तुमचा चेहरा मुळात सात्त्विक आहे, फुकट जातोय,” असं मालकांचं म्हणणं. पुढे नुसता नवरा अर्धवट दिसतो म्हणून बिलं करणाऱ्या बाईंना बायको केलं. त्या रिकामा कप घेऊन येत, मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणायचं, “दमलीस ना? बस जरा.” बाई बसत आणि ओठ न हलवता पुटपुटत, “लवकर आटपा, खाली रांग लागलीय.” गिऱ्हाइकं विरघळत. एक आजोबा तर सोफा बघायचा सोडून आमच्याकडेच बघत राहिले. आजींना म्हणाले, “बघ, कशी बोलतात ती एकमेकांशी.” आजी म्हणाल्या, “त्यांना पगार मिळतो त्याचा.”

तुला मी एवढंच सांगितलं होतं की आता मी वरच्या मजल्यावर असतो. तुला ती बढती वाटली, आणि तुझ्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी म्हटलं, वाटू दे तुला ती बढतीच.

आणि मग तू माझा विसरलेला चष्मा घेऊन आलीस. चष्म्याशिवाय चार हातांपलीकडचं माणूस मला रंगीत ढगासारखं दिसतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? एक निळसर ढग वर आला. मी ठेवणीतलं हसू काढलं आणि म्हणालो, “या ना, बसून बघा. घरच समजा!” सख्ख्या बायकोला म्हणालो, घरच समजा! तू बसलीस. बाई कप घेऊन आल्या, मी माझं वाक्य म्हटलं, आणि त्या दिवशी नेमका रंगात येऊन त्यांच्या पाठीशी उशीही ठेवली. तू उठलीस, टेबलावर चष्मा ठेवलास आणि म्हणालीस, “म्हणजे येतं तर तुम्हाला.” तो आवाज ओळखला आणि मी टेबलावर चष्मा चाचपू लागलो. चष्मा लावेपर्यंत जिन्यात फक्त तुझी पाठ दिसली. संध्याकाळी घराला कुलूप, आणि तू दादाकडे.

आधी वाटलं, तुला बाईंचा राग आला. बाईंनाही तसंच वाटलं. म्हणाल्या, “वहिनींना सांगा, घरी एक आहे तोच मला पुरून उरलाय.” पण तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मला जमत नाही, मी पडलो अबोल माणूस, असंच तू आजवर धरून चालली होतीस. त्यावर स्वतःची समजूत घालून घेतली होतीस. आणि त्या दिवशी ती समजूतच मी तुझ्या डोळ्यांदेखत मोडली. राग त्याचा होता ना?

पण अब्रू ही चीज अशी, की माणूस बुडत असला तरी आधी केस सारखे करतो. समोरच्या काकूंनी विचारलं, “वहिनी दिसत नाहीत?” मी म्हणून गेलो, तुझा दादा पडला, गुडघ्याला लागलंय. झालं, तो गुडघा माझ्या मानगुटीवर बसला. रोज विचारपूस. मी आधी सूज आणली, मग पट्टा बांधला, काकू फारच हळहळल्या तेव्हा भरात ऑपरेशन करून टाकलं. काकूंनी शेकायची पिशवी आणून दिली. खालच्या मजल्यावरचे व्यायाम शिकवणारे गृहस्थ जिन्यात आडवे पडून मला पाय कसा उचलायचा ते दाखवू लागले, आणि दादाच्या वतीने मी तो उचलला.

सकाळी देवापुढे बसलो की तिथे तरी हे सगळं उतरवून ठेवावं असं वाटे. पण एक सांगतो, हसू नकोस. इतकी वर्षं मी डोळे मिटून बसायचो, तेव्हा तू मागून गेलीस की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. देवाला दाखवायला नव्हे, तुला. आता मागून कुणी जात नाही, तर ती कशीही वाकते. तेव्हा कळलं, घरात आपण आहोत तसे असतो हे काही खरं नाही. तुझ्यापुढेही मी रोज काही ना काही मांडतच होतो. माझी भक्ती, माझा थकवा, माझा गंभीरपणा. माया तेवढी मांडायची राहिली. ती कळते आपोआप, असं धरून चाललो. दुकानात एक खुर्चीसुद्धा आपोआप कळत नाही, चारदा झटकून पुढे ठेवावी लागते.

मग मालकांना सांगितलं, उद्यापासून मी वर बसणार नाही, मला गोदामात पाठवा. ते म्हणाले, “अहो, पण सोफे कोण खपवणार? बाईंना दुसरा नवरा कुठून आणू?” बाई खालून ओरडल्या, “अजिबात नको! आहे त्यालाच अजून वळण लागायचंय!” मग जिन्यात काकू भेटल्या. शेकायची पिशवी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, काकू, गुडघा ठणठणीत आहे. बायको माझ्यावर रागावून गेलीय. काकू शांतपणे म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तीच सांगून गेली. आम्ही म्हटलं, बघू हे त्या गुडघ्याला कुठवर नेतात!” म्हणजे इतके दिवस मी त्यांना फसवत होतो आणि अख्खा जिना मिळून मला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर माझा आवाज मालकांसारखा होतो. टपालानेही पाठवता आलं असतं, पण मग मी घरी बसून तुझ्या उत्तराची वाट बघत पुन्हा शहाणा माणूस दिसलो असतो. म्हणून पहिली गाडी पकडली. हा शेवटचा मजकूर तुझ्या दादाच्या दारासमोरच्या पायरीवर बसून लिहितोय. जाणारेयेणारे मला ओलांडून जातायत. एकाने विचारलं, “कुणाकडे आलात?” नेहमीचा मी असतो तर म्हणालो असतो, इकडे कामानिमित्त आलो होतो. आज म्हणालो, “बायको रुसून आलीय, तिच्याकडे.” बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो, कदाचित आतही ऐकू गेलं असेल. काय बोलायचं ते पाठ केलेलं नाही. आता हे दाराखालून सरकवतो आणि बेल वाजवतो.

तुझाच,
अहो