फक्कीच्या घराचे मूल्यांकन

प्रति,
मा. घरकुल अभियंता साहेब,
पंचायत समिती, सेनगाव, जि. हिंगोली.

विषय: अद्याप न बांधलेल्या घरकुलाचे मूल्यांकन होऊन येत्या शनिवारच्या आत दाखला मिळणेबाबत.
संदर्भ: आपण दि. १०/११/२०२५ रोजी स्वहस्ते मारून दिलेली फक्कीची आखणी.

महोदय,

अर्जदार मसाजी गडदे, धंदा मेंढीपालन, यास घरकुल मंजूर असून जागेवर तूर्त पांढऱ्या रेषांपलीकडे काहीही नाही. अर्जदाराचा मुलगा परमेश्वर एकतीस वर्षांचा आहे. मेंढरामागच्या पोराला पोरगी द्यायला कोणी धजत नाही, हे साहेबांस ठाऊकच आहे. आजवर पाच स्थळे घरापायी मोडली.

सहाव्या स्थळाची मंडळी रविवारी कळमनुरीकडून घर पाहण्यास आली. अर्जदाराने त्यांना बैठकीच्या रेषांत सतरंजी टाकून बसविले. मुलीची आत्या पारुबाई यांना भर दुपारी, उघड्या आभाळाखाली, स्वयंपाकघर अंधारे वाटले. मामा किशनराव यांनी भिंतीतून आरपार फिरून मागच्या भिंतीस ओल असल्याचे सांगितले. ओल होती हे अर्जदारास मान्य आहे. परंतु ती मेंढीची होती. पुढे मामांनी निजायच्या खोलीत उभे राहून खाकरून पाहिले व आवाज बैठकीत येतो अशी तक्रार केली. वास्तविक तो डांबरी रस्त्यापर्यंत गेला होता.

आधी बांधून तर होऊ द्या, अशी अर्जदाराने काकुळतीने विनंती केली. त्यावर मामा म्हणाले, "बांधल्यावर खोट काढून काय उपेग? दुसऱ्या स्थळाला स्लॅबचं घर हाय. इंजिनेराच्या सहीचा कागद दावा, रविवारी बोलू."

तेव्हापासून अर्जदाराची पत्नी भागाबाई स्वयंपाकघर उजेडाकडे सरकवा म्हणून मागे लागली आहे. परंतु अर्जदाराने सरकारी रेषेस बोट लावलेले नाही. मेंढरेही दोन दिवस आत येऊ दिली नाहीत.

साहेब, निघताना सगळी मंडळी भिंतींतून गेली. मुलगी सुकन्या तेवढी दारातून गेली. जाताना भागाबाईस हळूच म्हणाली, "मावशी, उंबरा लई उंच करू नका. कोकराला आत येता आलं पायजे."

अर्जदाराचे डोळे भरून आले. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही.

तरी अंधार, ओल व आवाज नसल्याचा दाखला कृपया द्यावा. त्यात उंबरा दोनच इंच लिहावा. अर्जदार तेवढाच बांधील.

आपल्या सहीकडे डोळे लावून बसलेला,
मसाजी गडदे (अंगठा)
दि. १८/११/२०२५

सोबत: १) मंजुरीपत्र २) मुलाचा बायोडाटा