पेटीची उजवी बाजू

प्रिय उजव्या बाई,

पेटीचं काय झालं, पेटीचं काय झालं, असा फोनवर तुझा धोशा चाललाय आणि मी दरवेळी सुताराच्या नावाने खडे फोडतेय. त्या बिचाऱ्याने काम केव्हाच संपवलं. खरं कारण फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन कायम स्पीकरवर. नातू मध्येच गाणं म्हणणार, सूनबाई स्वयंपाकघरातून ‘मावशी, कशा आहात?’ विचारणार. मी ‘मजेत’ म्हणते आणि फोन ठेवते. म्हणून कागद घेऊन बसले. हे एकटीने वाच.

तुला आठवत असेल, मागणी तुझीच होती. मुलाच्या घरी सुखाला तोटा नाही, पण कॉफी म्हणजे गरम पाण्यात विरघळवलेली पूड, असं रडगाणं लावलं होतंस. म्हणालीस, मला एक पेटी करून दे, आपला अख्खा गाळा तिच्यात मावला पाहिजे. खोलीत, बागेत, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत, वाटेल तिथे उघडून बसेन. डॉक्टरकडे एस्प्रेसो! गुडघा दाखवायला जायचं आणि वेटिंग रूममध्ये दुकान थाटायचं, हे तुलाच सुचू जाणे. पण मी ते शब्दशः घेतलं. जिन्याखालचा आपला कॉफीचा गाळा पेटीत मावला पाहिजे, म्हणजे मावलाच पाहिजे.

माझ्या शिवणयंत्राची लाकडी पेटी होती ना, कडी भक्कम असलेली, तीच घेतली. यंत्र आता नुसत्या चादरीखाली पडलंय, पण मी शिवते कोणासाठी? सुताराने दोन्ही बाजू कापून बिजागऱ्यांवर बसवल्या. त्या खाली पाडल्या की दोन छोट्या फळ्या तयार होतात. मधल्या कप्प्यात किटली, पाण्याची बाटली आणि बियांचा डबा. डावीकडच्या फळीवर हाताची दळणी, वजनाचा छोटा काटा, पूड भरायची गाळणी आणि पूड दाबायचा आपला जुना दट्ट्या. उजवीकडे एस्प्रेसो काढायचं दांड्याचं ते छोटं प्रेस, दोन कप आणि ओलं फडकं टांगायला खिळा. तो खिळा विसरले असते तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस! प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा फोममध्ये मी स्वतः कापला. ब्लेडने बोट कापून घेतलं, ते वेगळंच. पण पेटी हातात धरून जिना उतरले तरी आत काही खुळखुळत नाही. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि मग सांगायला घरात कोणी नव्हतं.

पाठवण्याआधी एकदा करून बघावी म्हणून टेबलावर पेटी उघडली. पाणी उकळलं, बिया दळल्या, पूड दाबली. इथवर सगळं बिनचूक, गाळ्यात ते तर माझंच काम. भरलेली गाळणी उजवीकडे सरकवली आणि थांबले. थांबले म्हणजे खरंच थांबले गं, तू उचलशील म्हणून. मग भानावर येऊन गाळणी उचलायला गेले, तर हात पोचेना. मध्ये पेटी उभी, पलीकडे फळी, आणि प्रेसचा दांडा पलीकडच्या माणसाकडे तोंड करून. टेबलाला वळसा घालून तिकडे गेले, तर किटली इकडे राहिली. किटलीसाठी परत आले, तोवर पाणी निवलं. शेवटी ओढला दांडा. उंदराच्या शेपटीसारखी धार पडली पाहिजे, म्हणायचीस ना? माझी नळासारखी पडली. चव आंबट, पाणचट. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आधी दळणीला नावं ठेवली.

सुताराला बोलावलं. त्याने पेटीभोवती एक फेरी मारली आणि डोकं खाजवत म्हणाला, बाई, ही एका माणसाची पेटीच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आखणी करताना मी डोळे मिटून गाळा आठवला होता. माझा हात कुठे, तुझा कुठे, सगळं जसंच्या तसं. एकट्या बाईसाठी पेटी करतेय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे तुझ्यासाठी करत होते, आणि तरीही माझी बाजू सोडली नाही.

आता सांगतेच. तू गेल्यावर मी गाळा बंद केला, तेव्हा सगळ्यांना भाडं परवडत नाही असं सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. भाडं होतं तेवढंच होतं. आठवडाभर मी एकटीने चालवून पाहिला. दांडा ओढायला शिकता आलं असतं, त्यात काय मोठंसं. पण वळून ‘घे’ म्हणायची आणि उजवीकडे भिंत दिसायची. आता तिथे झेरॉक्सचं मशीन आहे. आपल्या रोजच्या गिऱ्हाइकाची, वकीलसाहेबांची, गाठ पडते कधी रस्त्यात. ‘काय डाव्या बाई, उजव्या बाई कशा आहेत?’ मजेत, म्हणते मी. मी कशी आहे, हे ते विचारत नाहीत. अर्धं दुकान समोर उभं असल्यावर माणसं उरलेल्या अर्ध्याचीच चौकशी करणार. घरी मी हल्ली चहा घेते, तोही दुसरा कप विसळायला लागू नये म्हणून त्याच त्या कपातून. खूप एकटं वाटतं गं. लिहून टाकलं एकदाचं.

सुतार म्हणाला, एक बिजागरी काढून दुसरीकडे लावली आणि प्रेस फिरवून बसवलं, की एकट्या माणसाला चालेल. आत्ताच करून देतो. मी नको म्हटलं. तेव्हा पेटी कुरियरने येणार नाही. तुम्ही मुलाच्या घरी निघालात त्या दिवशी गाडीची काच खाली करून तू म्हणाली होतीस, चल की तूही. मी म्हटलं, आणि गाळा कोण बघणार? सगळे हसले, काच वर गेली, गाडी वळली. आता गाळा उरला नाही. ते तुझ्या मुलाचं घर आहे, मला कळतं. त्याला विचार, सूनबाईला विचार. तुमच्या घरात नसेल जागा, तर जवळपास एखादी खोली बघून दे. सकाळी पेटी घेऊन येत जाईन. पण तेवढं एकदा पुन्हा म्हण. स्पीकर चालू असला तरी चालेल.

तुझीच,
डावी बाई