पायावर सूज नाही

४ जून
यांना स्टेंट बसवून चार महिने झाले. नागपूरला दाखवून आलो. डॉ. म्हणाले, स्टेंट नीट बसला आहे, पण नळीच्या आत सूज धरली तर तीच जागा पुन्हा अरुंद होऊ शकते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सूज थोडी जास्त. गोळ्या चुकवू नका, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, रोज चाला. चालताना त्रास झाला तर लगेच या. खर्रा म्हटल्यावर हे खिडकीबाहेर पाहत बसले.
संध्या. दोन्ही पायांवर अंगठा दाबून पाहिला, अंगणवाडीत मुलांचे पाय पाहते तसा. खड्डा पडला नाही. सूज नाही.
"मी का तुह्या अंगणवाडीतलं लेकरू आहो? वजनबी करून घे मंग."

९ जून
तलावाच्या पाळीवर फिरायला, बांधावरच्या आंब्यांच्या रांगेने. पाचव्या आंब्यापर्यंत गेलो. तिथे हे थांबले. "पाणी पाहू दे." जाळ्याचा माणूस, पाणी पाहणारच.
सूज नाही.

२८ जून
जाळ्याच्या पिशवीत खर्र्याची पुडी. म्हणे जुनी आहे. ताजी होती. तशीच परत ठेवली.
तिसऱ्या आंब्याशी थांबलो. मासळीचे बुडबुडे दाखवले मला. सूज नाही.

१९ जुलै
दुसऱ्या आंब्याशी यांचे धाकटे भाऊ, मारोती भाऊजी भेटले. "वहिनी, दादाले दोन आंब्यांतच दम लागते काय?" हे म्हणाले, "तू जाळं ओढ ना बे, मी पाणी पाहून राहिलो." भाऊजी हसले. मीही हसले.
सूज नाही.

११ ऑगस्ट
पहिल्या आंब्याशी. हात छातीवर. नागपूरला जाऊ म्हटलं. "धानाची रोवणी आटपू दे. आन् वर्षाले फोन नको करू, तिची परीक्षा आहे." वर्षा, आमची मुलगी, नागपूरला नर्सिंगला. केला नाही फोन.
पाय दोनदा दाबले. सूज नाही.

३० ऑगस्ट
लिहिणं झालं नाही.
१५ ला पहाटे अॅम्ब्युलन्सने नागपूर. अँजिओग्राफीत स्टेंटच्या आतच नळी बुजत आलेली. १६ ला सकाळी हे गेले. परवा तेरवी झाली.
तिथे कॉटवरही पायावर अंगठा दाबला होता मी. सूज नव्हती.

२ सप्टें.
वर्षाने कागदावर नळी काढून दाखवली. स्टेंटच्या जाळीतून आत मांस वाढत जातं. सूज ती तिथे. मी विचारलं, पायावर येत नाही का?
"आई, पायावर काहून दिसंल ते? चालताना छाती भरून येते. थांबा लागते. आज इथं, उद्या त्याच्या अलीकडं." मग म्हणाली, "बाबा चालताना थांबत होते काय?"
मी म्हटलं, भात लावते.

५ सप्टें.
अंगणवाडीत वजनं. तक्त्यावर एका मुलीच्या वजनाची रेघ दोन महिने खाली. दुपारीच तिच्या घरी गेले. तिच्या आईला म्हटलं, रेघ खाली गेली की वाट पाहायची नसते.
घरी येऊन ही वही काढली. पाचवा, तिसरा, दुसरा, पहिला. माझंच अक्षर. खाली दर वेळी "सूज नाही", तेही माझंच.

६ सप्टें.
यांच्या चपला अजून दाराशी. वर्षा उचलायला गेली. राहू दे म्हटलं.

८ सप्टें.
वर्षा उद्या जाणार. सकाळी पुन्हा तेच. "आई, सांग ना. एकदा तरी थांबले होते काय?" मारोती भाऊजी ओसरीवर जाळं विणत होते. त्यांचा हात थांबला. वर पाहिलं नाही त्यांनी. मी म्हटलं, बाबा पाणी पाहत.
"तेवढंच?"
तेवढंच, म्हटलं.
संध्या. एकटीच पाळीवर जाऊन आले. पाचव्या आंब्यापर्यंत. कुठे थांबावं लागलं नाही.
तोंडाने सांगणं जमणार नाही. वही वाचली तर तिला सगळं कळेल. पुढे ती मला आई म्हणेल, पण कशी म्हणेल ते माहीत नाही. ती आत्ता विहिरीवर गेली आहे. बॅग उघडीच आहे. ही ओळ झाली की वही तिथे नेते. बॅगेत ठेवायची की नुसती शेजारी, ते