वाडी, अवजारे आणि न सांगितलेला रोग

मी, जोकिम पास्कू तुस्कानो, वय एकसष्ट, मूळ राहणार नंदाखाल, तालुका वसई, सध्या मुक्काम करामा, दुबई, बागकामाच्या कंपनीत मुख्य माळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. गुडघे सोडले तर माझी तब्येत ठणठणीत आहे. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. मुलगा लेस्टर शेजारच्या खोलीत क्रिकेट बघतो आहे, त्याला जबरदस्ती करायला फुरसतही नाही.

१. बँकेतली सगळी शिल्लक आणि निवृत्तीच्या वेळी कंपनी जे देईल ते माझी पत्नी ओल्गा हिला मिळावे. तिने ते मुलांसाठी राखून ठेवू नये. बावीस वर्षे ती ज्या ओव्हनमध्ये केक भाजते त्याचे दार दोरीने बांधावे लागते. पहिल्यांदा नवा ओव्हन घ्यावा, ही माझी आज्ञा समजावी. बाकी आयुष्यात मी तिला आज्ञा केली आणि तिने ऐकली, असे कधी झालेले नाही.

२. वसई स्टेशनजवळचा फ्लॅट लेस्टरला. मागच्या मे महिन्यात हा मुलगा मला न विचारता एका बिल्डरला नंदाखालची वाडी दाखवून आला. मला राग आला होता आणि अजून आहे. तरी फ्लॅट त्याचाच.

३. कलम करायचा चाकू, दोन्ही कात्र्या आणि दाताळे खैरुद्दीनला. हा पाकिस्तानातल्या चित्रालचा माणूस एकोणीस वर्षे माझ्याबरोबर काम करतो. दुबईच्या अर्ध्या रस्त्यांच्या कडेची फुले आम्ही दोघांनी लावली आहेत. अवजारे त्याला मिळणार म्हणून साक्षीदार होता येणार नाही, असे सांगितले तर तो रुसला. म्हणाला, "हम गवाह नहीं बन सकते, तो क्या हम पराये हैं?" त्याला चहा पाजून समजावले.

४. नंदाखालची वाडी, विहीर, केळी आणि मोगऱ्याचे वाफे यांसह, माझी मुलगी जोआना हिला. लेस्टर विचारेल, का. म्हणून पुढचे कलम.

५. जोआना दापोलीला शेतीचे शिकली आणि सत्त्याण्णव साली कॅनडाला एका रोपवाटिकेत गेली. डोंगरातले गाव, उन्हाळा जेमतेम तीन महिने. तिच्या घरमालकीण बाई, एडना नावाच्या, स्नायूंच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या. तिकडे नवा कायदा झाला तेव्हा जोआनाने सरकारी परवाना काढून त्यांच्यासाठी औषध म्हणून गांजाची झाडे लावली. ठेंगणी जात, कमरेएवढी, रुंद पानांची, गारठ्यात तगणारी आणि बर्फाआधी पिकणारी. हे तिने मला फोनवर सांगितले तेव्हा मी खोकल्याचे सोंग करून विषय बदलला. करामात कोणी विचारले तर मी "टोमॅटो लावते" असे सांगत असे. त्या टोमॅटोचे कौतुक चर्चबाहेर बरेच झाले.

आमच्या घरात एक रीत होती, आणि ती मीच लावली. मी इथे एकटा होतो त्या काळी वाडीत झाड आजारी पडले की ओल्गा किंवा मुले त्याचे पान पाकिटात घालून मला दुबईला पाठवत. मी रोग ओळखून उपाय लिहून कळवत असे. दोन हजार दोनच्या सप्टेंबरात जोआनाने सवयीने तेच केले. तिने काही विचार केला नाही. आजारी झाड आणि डॅडी, एवढेच तिच्या डोक्यात होते.

इथे टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पेटीत येते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑफिसात विजयकुमार क्लार्कसमोर मी पाकीट फोडले आणि बोटांत ते पान आले. या देशात तेवढ्यासाठी माणूस वर्षानुवर्षे आत जातो. तेवढ्यात मॅनेजर हारुनसाहेब आत आले. मी पान तोंडात घातले आणि चावू लागलो.

"तुस्कानोसाब, क्या खा रहे हो?" विजयकुमारने विचारले.

"पुदिना."

"हबीबी, हमको भी दो!" हारुनसाहेब म्हणाले.

"खलास, साब. एक ही था."

त्या रात्री मी जोआनाला पत्र लिहिले. पुन्हा लिहू नकोस, फोन करू नकोस, इकडे पाऊल टाकू नकोस, तू मला मेलीस. भीती होती, ती मी रागाच्या नावाने पाठवली. सतरा महिने तिने माझे म्हणणे अक्षरशः पाळले.

आता खरी गोष्ट. तोंडात टाकण्याआधी मी पान पाहिले होते. देठाशी करडी बुरशी होती. धुक्याच्या दिवसांत इथल्या गुलाबांवर मी ती दर वर्षी पाहतो. उपायही मला ठाऊक होता: आतली पाने काढून वारा खेळू द्यायचा, संध्याकाळी पाणी द्यायचे नाही, सडके तुरे लगेच कापून लांब जाळायचे. दोन ओळींचे काम होते. मी त्या लिहिल्या नाहीत. तिचे सगळे पीक सडले, हे मला ओल्गाकडून कळले.

मागच्या आठवड्यात हे सगळे मी खैरुद्दीनला सांगितले. मला वाटले, तो पानाला नावे ठेवेल. तो म्हणाला, "वो तो हमारे पहाड़ का पौधा है, छोटा कद, चौड़ा पत्ता. लेकिन पौधा बीमार था, तुमने पहचाना, और बताया नहीं? कैसे माली हो तुम?"

म्हणून वाडी जोआनाला. तिने मला माफ केले नाही तरी तिलाच. ही किंमत नव्हे आणि लाचही नव्हे. आमच्या घरात झाडाकडे बघणारी तीच एक उरली आहे आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. हे मी तिला कधी तोंडाने बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

६. साक्षीदारांनी फक्त माझी सही पाहायची आहे. मजकूर वाचायचा नाही, विशेषतः कलम पाच.

७. हे कलम आज सकाळी वाढवले. पाचवे कलम लिहून झाल्यावर माझ्याने राहवेना. इथे शुक्रवारची सकाळ, तिच्याकडे गुरुवारची संध्याकाळ. ओल्गाने नंबर फिरवून रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी सगळे कलम वाचून दाखवले.

मग ती म्हणाली, "यू न्यू? डॅडी, यू न्यू?"

"हो."

"एडना वॉज इन पेन द होल विंटर."

मी म्हणालो, "माझं चुकलं, बाय. वाडी तुझ्या नावावर करतोय."

"आय डोन्ट वॉन्ट द वाडी," ती म्हणाली. ती रडत होती. "इट रॉट्स इन सेप्टेंबर. दॅट्स व्हेन आय नीड यू. कम इन सेप्टेंबर."

वाडीचे कलम मी बदललेले नाही. ओल्गा थंडीचे कपडे शोधते आहे, व्हिसाचा फॉर्म लेस्टर इंटरनेटवरून काढून देणार आहे. हा कागद कपाटात राहील. मी मुलीकडे कामाला निघालो आहे, तेव्हा वाटणीसाठी सगळ्यांनी थोडे थांबावे.

स्थळ: करामा, दुबई
दिनांक: १२ मार्च २००४, शुक्रवार

सही: जोकिम पास्कू तुस्कानो

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. विजयकुमार नायर
२. बदरुन्निसा शेख, शेजारीण