मेरूपाशी वळायचं

३ डिसेंबर, बुधवार
आज ह्यांनी मेरू ओलांडला. मी समोरच मेथी निवडत होते म्हणून दिसलं. माळेतला तो गोंड्याजवळचा मोठा मणी. तिथं पोचलं की माळ फिरवायची आणि उलट यायचं, ओलांडायचा नाही. बेचाळीस वर्षं हेच बघत आले. आज अंगठा सरळ पुढं गेला, मध्ये काही नव्हतंच जणू.
मी मेथी निवडत राहिले. देठंही भाजीत गेली बहुतेक, जेवताना कचकच लागत होती.

६ डिसेंबर
पुन्हा. ह्या वेळी चार मणी पुढं गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. "चुकलं," म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरू. सासऱ्यांचा नेम तो: मेरू ओलांडला तर त्या दिवसाचा जप फुकट, अकरा माळा नव्यानं. आणि जप होईस्तोवर पोटात काही नाही, चहासुद्धा नाही. सहाला बसलेले, साडेबाराला उठवलं. उठवलं कसलं, उठताना पडलेच. भिंत होती म्हणून वाचले. शुगरची गोळी तशीच वाटीत.
कारखान्यात टाइम ऑफिसला होते. दोन मिनिटं उशीर झाला तर माणसाला गेटवर उभं करायचे. आणि आता स्वतः... जाऊ दे.

९ डिसेंबर
डॉ. म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. पण उपाशी ठेवू नका. घ्या! मी ठेवतेय का उपाशी?
सुमीला पुण्याला फोन केला. लेकीचा सल्ला: "आई, माळच काढून घे ना." शहाणीच आहे. बापाला माळेशिवाय बघितलंय का कधी?
तरी घेतली. तांदळाच्या डब्यात ठेवली. दुपारपर्यंत घरभर शोधत होते. गादी उचलली, देव्हारा रिकामा केला, माझी पर्स उलटी केली. शेवटी ओट्याशी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही पाहिली का हो माळ?"
बालवाडीवर होते मी, अख्खी देवळाली मला बाई म्हणते. हे कधी म्हणाले नव्हते. मी 'अगं' होते.
डब्यातून काढून दिली. एकेका मण्यावरची तांदळाची भुकटी झटकत बसले.

१५ डिसेंबर
परवा माळ घेऊनच आंघोळीला गेले. बादलीत तळाशी सापडली, कढत पाण्यात. तुळशीचं लाकूड ते, पाण्यानं फुगतं, दोरा कुजतो. हे त्यांनीच मला शिकवलेलं. सुती फडक्यात दाबून घेतली, ऊन न दाखवता माजघरात टांगली. आज तिळाच्या तेलाचं बोट फिरवलं. नावाला. जास्त झालं की मणी धूळ धरतात.
तेल लावताना आठवलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी ही माळ घेऊन हौसेनं बसले होते. तर्जनीनं मणी ओढत होते. हे दारातूनच ओरडले, "तर्जनी लावू नये माळेला. घरी कुणी शिकवलं नाही का?" अंगठा आणि मधलं बोट, तर्जनी लांब, ती अहंकाराची म्हणे. माझ्या आईचा उद्धार झाला म्हणून मी आठ दिवस बोलले नाही. त्यानंतर माळेला हात लावला तो फक्त तेलापुरता. असा तिरसट माणूस. आणि मीही काही कमी नाही.

१८ डिसेंबर
ह्यांना शेजारच्या ताराबाईंवर सोपवून नगरला गेले. एस.टी.च्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टर मात्र "नगर, नगर" ओरडतोय. उसाच्या ट्रॉल्यांमागं राहुरीपर्यंतच जीव गेला.
हमीदभाई पटवेकरी. ह्यांची माळ दर दोन-तीन वर्षांनी तेच नव्या दोऱ्यात ओवून देतात. म्हटलं, मेरू काढून टाका. नुसती गोल माळ द्या, म्हणजे ओलांडायचा प्रश्नच नाही.
त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे पाप मला नका लावू. थांबायला जागा नसंल तर ती माळ कशाची? आमच्या तस्बीला पन इमाम असतोय, मोठा मनी. तिथं हाताला कळतं, आलो म्हनून."
मग सगळं सांगितलं. उपास, गोळी, पडणं. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. म्हणाले, काढू नका, उलट मोठा मेरू घ्या, अंगठ्याला कळंल असा. चार माळा काढल्या. एक नाकाशी धरली आणि बाजूला टाकली: "हिला तुळस म्हनत्यात. रंग दिलेला हाय." दुसरीची भोकं खरबरीत, दोरा कापतील. तिसरी जड, बोट दुखंल. चौथी घेतली. हलकी, मणी हरभऱ्याएवढे, मेरू चांगला बोराएवढा, दर दोन मण्यांत गाठ.
येताना एस.टी.त बरं वाटत होतं. मूर्खासारखं.

१९ डिसेंबर
नवी माळ हातात घेतली, दोन मणी ओढले आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही कुणाची? ज्यांची त्यांना देऊन टाका."
बायको ओळखू येत नाही, माळ बरोबर ओळखली. हसू पण आलं मेलं.

२३ डिसेंबर
काल पुन्हा एक वाजला. पायाला सूज.
आज दुपारी ते झोपल्यावर कात्री घेतली. जुन्या माळेचा मेरू गोंड्यासकट कापला, दोन टोकं एकमेकांना बांधली, गाठ मण्यांमध्ये सरकवली. मेरू कुंकवाच्या करंड्यात. झाकण हळूच लावलं, चोरी केल्यासारखं. केलीच की.

२४ डिसेंबर
साडेसातला म्हटलं, "झाल्या अकरा."
"झाल्या?"
"हो."
उठले. चहा, गोळी, पोहे, सगळं वेळेवर. देवा, मी खोटं बोलले, पण पोहे खाल्ले त्यांनी. दोनदा घेतले.

३० डिसेंबर
आठवडा बरा गेला. सूज उतरली. ताराबाई म्हणाली, "काकांच्या तोंडावर जरा तेज आलंय, व्हय ना?"
व्हय म्हटलं. कसलं तेज! नुसतं खाल्लेलं अन्न आहे ते. पण ऐकायला गोड वाटलं.

५ जानेवारी
"झाल्या अकरा."
मान हलवली. "मेरू नाही आला."
"आला होता की."
"तुम्ही कोण सांगणार, बाई?"
सव्वा वाजेपर्यंत बसले. गोल गोल गोल. अंगठा एकेका मण्यावर थांबायचा, दाबून बघायचा. हाच का? हाच का? शेवटी हात पकडून उठवलं तर मला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा.
आगीतून फुफाट्यात घातलं मी माणसाला. आधी चुकायचे, पण निदान दहातल्या आठ वेळा वळायचे तरी. आता वळायला जागाच नाही. हमीदभाईंनी साध्या शब्दांत सांगितलं होतं.

७ जानेवारी
मेरू परत ओवायला बसले. दोरा जाड, सुई जाईना, जोर केला आणि मेरू उभा चिरला. शेंगदाण्यासारख्या दोन फाका. बादलीतल्या पाण्यानं आधीच तडकला असेल. असेल, नाहीतर नसेल. माझ्या हातात फुटला एवढं खरं. आजेसासऱ्यांपासूनची माळ.
देव्हाऱ्यापुढं बसून रडले, चांगली मोठ्यानं. हे बाहेर आले. "काय झालं बाई? कुणी गेलं का तुमचं?"


८ जानेवारी
नव्या माळेचा मेरू उसवून जुनीला लावला. अंगठा तिथं आला, थांबला, घुटमळला. "ही माझी नाही," म्हणून माळच खाली ठेवली आणि खिडकीकडं तोंड करून बसले. जेवणाला हात लावला नाही. मेरू परत काढला.
सुमी म्हणते, माणूस ठेव, नाहीतर तिकडं घेऊन ये. बघू म्हटलं. ह्यांना इथला संडास सापडेना झालाय, पुण्यात काय सापडणार?

१० जानेवारी, शनिवार
काही सुचेना म्हणून समोर जाऊन बसले. गाठीच्या जागी, मेरू होता तिथं, बोट लावून धरलं. माळ सरकते तसा माझा हातही सरकतो, खाली जातो, वर येतो. त्यांचा अंगठा मणी ओढत ओढत आला आणि बोटाला लागला. थांबला. मी बोट तसंच धरलं.
माळ फिरवली. उलट निघाले.
अकरा वेळा आले, अकरा वेळा वळले. पावणेआठला चहा! बशीत ओतून प्यायले, पूर्वीसारखे.

१४ जानेवारी, संक्रांत
रोज सहाला मी पण पाटावर. गुडघ्याला गुडघा लागतो. खांदा भरून येतो, मान आखडते, पण जमतंय. इतकं जवळ तर आम्ही नव्या लग्नातही बसलो नव्हतो. ते तोंडानं राम राम म्हणतात, मी मनात म्हणते, वळा, वळा.
तिळगूळ दिला. घेतला. "गोड आहे," म्हणाले. कुणी दिला ते विचारलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार
सातवी माळ. अंगठा आला, बोटाला लागला, थांबला. वळला नाही. खाली बोटाकडं बघत राहिले, मग वर माझ्या तोंडाकडं.
"तर्जनी लावू नये माळेला, बाई. घरी कुणी शिकवलं नाही का?"
शब्द न् शब्द तेच. आठ दिवस कुठलं बोट धरतेय, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हा मी तरातरा उठून गेले होते. आज म्हटलं, "नाही शिकवलं. तुम्ही शिकवा."
त्यांनी माझं बोट हळूच दुमडलं, उचलून माझ्याच मांडीवर ठेवलं. वर दोनदा थोपटलं, परक्या पोरीला समजवावं तसं. आणि निघाले पुढं. गोल.
साडेबारा वाजलेत. अजून बसलेत. चहा दोनदा गरम करून झाला. गोळी वाटीत.
उद्या मधलं बोट लावून बघते.