उरलेल्या तीन गोळ्या

गुरुवार, संध्याकाळ. अंबरनाथ.

विज्ञान पुरवणीचा लेख वेळेत गेला. प्रयोगशाळेत रचलेले प्रथिनांचे छोटे तुकडे, पेप्टाइड, आपोआप एकमेकांशी जुळतात आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचं कवच फोडतात. लेख छान उतरलाय.

मग बुवापाड्याहून ताईचा फोन. पायाची जखम चिघळलीय, कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही.

"तुझ्या लेखातलं ते नवीन औषध मेडिकलवर कधी येणार रे?"

"अजून उंदरांवरच चालू आहे, ताई."

"म्हणजे उंदरांचा नंबर माझ्याआधी!" ती हसली. मला जमलं नाही.

बरं वाटलं की अँटिबायोटिकच्या गोळ्या थांबवायच्या, उरलेल्या डब्यात ठेवायच्या, ही आमच्या घरची पद्धत. पाय पहिल्यांदा सुजला तेव्हा त्या डब्यातल्या तीन गोळ्या मीच तिला दिल्या. "डॉक्टर कशाला?" असंही म्हणालो. का म्हणालो?

अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात कसे, यावर लेखात अख्खा परिच्छेद आहे. त्या तीन गोळ्या त्यात नाहीत.